गाडीवर घर चालवायला घेतलं, आणि लाइट गेल्यावर बॅकअपही गेला: कायद्याने काय करता येतं?

नाशिकच्या ग्राहक आयोगात मी बॅटऱ्यांची प्रकरणं चालवायला लागलो तेव्हा वाद ठरलेला असायचा. ट्युब्युलर बॅटरी फुगली. दुकानदार म्हणतो पाणी घातलं नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं दर महिन्याला घातलं. आता अशील मोबाइल उघडून दाखवतो तो फोटो वेगळाच असतो. पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंग पोर्टला अडॅप्टर, त्यातून निघालेली जाडजूड केबल जिना चढून मीटरच्या पेटीपर्यंत, तिथे चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर ग्रिडवर चालवायचं की गाडीवर ते निवडणारा खटका. लाइट गेली, स्विच फिरवला आणि घर तसंच अंधारात. वस्तू चार, विकणारे तीन, जोडणारा एक, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. खालचे प्रश्न असेच लोक विचारतात. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे दिली आहेत, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी एक प्रश्न वेगळा ठेवला आहे.

मी नेमकं घेतलंय काय?

हे आधी स्वतःशी स्पष्ट करा, कारण तक्रारअर्जाचा पहिला परिच्छेद इथेच घसरतो. आपल्याकडच्या गाड्यांना मिळणारी सोय बहुतेक व्हीटूएल असते, म्हणजे गाडीच्या बॅटरीतून बाहेरच्या उपकरणाला वीज. २०२३ मध्ये आलेली आयोनिक ५ आणि त्याच वर्षी नव्या रूपात आलेली नेक्सॉन ईव्ही यांच्यात ती आहे. क्षमता साधारण ३ ते ३.६ किलोवॅट. मुळात ही सोय सुटी उपकरणं चालवण्यासाठी. ती घराच्या बोर्डाला जोडायचं ठरवलं ते तुम्ही किंवा तुम्हाला तशी कल्पना विकणाऱ्याने. लाइट गेली की घर ग्रिडपासून आपोआप तोडून गाडीवर घेणारी यंत्रणा म्हणजे व्हीटूएच. तिला दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो, आणि तो आपल्याकडे अजून घरोघरी दिसत नाही. तिसरा प्रकार हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचा. त्यावर सोलरही असतं आणि गाडीचा चार्जरही.

आता बिल काढा. 'ईव्ही होम बॅकअप सिस्टीम, १ नग' असं एकाच विक्रेत्याचं एका ओळीचं बिल असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्याने यंत्रणा म्हणून विकलं आहे, तेव्हा ते यंत्रणा म्हणून चाललंच पाहिजे. चार वेगवेगळी बिलं असतील तर पुढे वाचत राहा.

गाडीत ८० टक्के चार्जिंग असूनही एसी लावला की सगळं बंद पडतं. हा दोष धरायचा का?

बहुधा नाही. टाकी मोठी आहे पण नळ बारीक आहे. ४० युनिटची बॅटरी पंखे, दिवे आणि फ्रिज दिवसभर ओढेल; पण एका वेळी ३.३ किलोवॅटच देणार असेल तर दीड टनाचा एसी आणि २ किलोवॅटचा गिझर एकत्र लावल्यावर वीज तुटणारच. हे संरक्षण आहे, आणि आयोगासमोर कंपनीचा इंजिनिअर दोन मिनिटांत हे सांगून मोकळा होतो. एकेक उपकरण लावून पाहा, बेरीज करा. बेरीज क्षमतेच्या आत असतानाही बंद पडत असेल तर मात्र तो दोष आहे, आणि ती बेरीजच तुमचा पहिला पुरावा.

लाइट गेली की छतावरचं सोलरही बंद होतं. फसवलं ना आम्हाला?

बॅटरीशिवायचं ऑन-ग्रिड सोलर तसंच चालतं. ग्रिड बंद झाला की त्याने बंद व्हायलाच हवं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तुमच्या छतावरची वीज जाईल. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून बसवलेली बरीच घरं या गैरसमजात असतात. पण विक्रेत्याने 'लाइट गेली तरी घर चालू राहील, गाडीही चार्ज होईल' असं सांगून ते गळ्यात मारलं असेल, तर यंत्र निर्दोष असूनही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती अनुचित व्यापारी प्रथा होते. अशा वेळी तक्रार यंत्राच्या दोषाची लिहायची नसते, खोट्या आश्वासनाची लिहायची असते. अर्जात हा फरक चुकला की तज्ज्ञाचा अहवाल 'यंत्र ठीक आहे' असा येतो आणि प्रकरण तिथेच बसतं.

बंद पडल्याबरोबर पहिल्या तासात काय करू?

मोबाइल काढा, आणि हेल्पलाइनला फोन लावण्याआधी कॅमेरा उघडा. गाडीच्या पडद्यावर आणि इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर जो एरर कोड दिसतो तो टिपा; बंद-चालू केल्यावर तो पुसला जातो. कोणता एमसीबी पडलाय, चेंजओव्हर कोणत्या बाजूला आहे, गाडीत किती टक्के चार्ज आहे, हे एका सलग व्हिडिओत घ्या. सीरियल नंबरचे स्टिकर जवळून घ्या. महावितरणचा वीज बंद असल्याचा एसएमएस आला असेल तर तो डिलीट करू नका. त्या दिवशी त्या वेळी लाइट खरंच गेली होती हे सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो.

मग तक्रार लेखी करा. फोनवर केली असली तरी लगेच ईमेल टाका: 'आज अमुक वाजता आपल्या केंद्राशी बोलणं झालं, तक्रार क्रमांक अमुक.'

आणि सर्वांत महत्त्वाचं, जॉबकार्डशिवाय, म्हणजे दुरुस्तीसाठी वस्तू नेल्याच्या लेखी पावतीशिवाय, काहीही घराबाहेर जाऊ देऊ नका. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. मेकॅनिक आला, इन्व्हर्टरचा कंट्रोल बोर्ड काढला, रुमालात गुंडाळला आणि 'दुकानात बघून आणतो' म्हणत बाइकवर गेला. चार दिवसांनी बोर्ड परत आला तो स्वच्छ, नवाकोरा, आणि म्हणे काहीच बिघाड नव्हता. जळलेला बोर्ड कुठे गेला हे सांगायला आमच्याकडे सुटा कागद नव्हता, फोटोही नव्हता. गुरुजी दहा वेळा म्हणाले, 'अहो, वास येत होता जळाल्याचा!' वासाचं प्रतिज्ञापत्र करता येतं, पण त्याला वजन किती.

तक्रार कोणाविरुद्ध करायची? सगळेच एकमेकांवर ढकलतायत.

गाडीवाला म्हणतो अडॅप्टर आमचा नाही. अडॅप्टरवाला म्हणतो चेंजओव्हर चुकीचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो गाडीच अर्थ फॉल्ट दाखवतेय, मी काय करू. या भांडणात न्यायाधीशाची भूमिका तुम्ही घेऊ नका. दोष कोणाचा हे ठरवण्याचं काम आयोगाचं. तुम्ही सगळ्यांना सामनेवाले करा: उत्पादक, विक्रेता आणि जोडणी करणारा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, प्रकरणात या तिघांसाठी वेगळी कलमं आहेत: उत्पादकासाठी ८४, सेवा देणाऱ्यासाठी ८५, विक्रेत्यासाठी ८६. उत्पादकाने दिलेल्या लेखी वॉरंटीबरहुकूम वस्तू नसेल तर 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' एवढं सांगून त्याची सुटका होत नाही. विक्रेता एरवी अडकत नाही, पण त्याने वस्तूत स्वतः बदल केला, स्वतःची वेगळी वॉरंटी दिली, किंवा उत्पादक सापडतच नाही, अशा वेळी तो सापडतो. जोडणारा सदोष सेवेसाठी जबाबदार असतो.

सगळ्यांना का जोडायचं याचं एक कारण गोव्यातून आलं आहे. जुनी गाडी नवी म्हणून विकल्याच्या तिथल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं की कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार मालक-मालक असा असेल, म्हणजे डीलर कंपनीचा एजंट नसून स्वतः घेऊन विकत असेल, तर डीलरच्या थापेसाठी कंपनीला तिच्या माहितीशिवाय आपोआप धरता येत नाही. म्हणजे शोरूममधल्या पोराने 'घर चालेल' म्हटलं असेल तर एकट्या कंपनीवर दावा टाकून भागणार नाही. डीलर समोर हवाच. उलट बॅटरीच खराब असेल तर एकट्या डीलरला धरून उपयोग नाही. नंतर पक्षकार वाढवता येतात, पण त्या अर्जापायी सहा महिने सहज जातात.

विकताना 'फ्रिज, पंखे, आईचं ऑक्सिजन मशीन सगळं चालेल' असं सांगितलं होतं. तोंडी सांगितलेल्याला काही किंमत आहे का?

आहे. वस्तुविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ इथे कामाला येतं. वस्तू कशासाठी हवी हे तुम्ही विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर विसंबलात, आणि ती वस्तू विकणं हा त्याचा धंदाच आहे, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे ही अट करारात गृहीत धरली जाते. कागदावर लिहिलेली नसली तरी.

सिद्ध कसं करायचं? व्हॉट्सअॅप. आपल्याकडे व्यवहार कोटेशनवर कमी आणि व्हॉट्सअॅपवर जास्त होतात, ही वकिलाच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. 'दादा ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आहे, चालेल ना?' आणि त्यावर आलेला अंगठा, एवढ्यावर मी प्रकरण उभं केलेलं आहे. ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ मोबाइल फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांत फारसा अडकत नाही, पण समोरचा वकील हरकत घेतो तेव्हा कागद हातात असलेला बरा.

चॅट नसेल तर? आजच एक सभ्य मेसेज पाठवा: 'आपण घेताना सांगितलं होतं की अमुक उपकरणं चालतील, पण ती चालत नाहीत, कधी येताय?' बरेच जण भोळेपणाने उत्तर देतात: 'हो चालायला पाहिजेत, उद्या माणूस पाठवतो.' तेवढं पुरतं.

'बाहेरच्या माणसाकडून वायरिंग केलंत, वॉरंटी गेली' असं उत्तर आलं. खरंच जाते का?

हे उत्तर निम्मं खरं आणि निम्मं धाक दाखवण्यासाठी असतं. कलम ८७ विक्रेत्याला आणि उत्पादकाला काही बचाव देतं. वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, हे त्यांपैकी. पण आयोगासमोर माझा प्रश्न नेहमी एकच असतो: त्या वायरिंगमुळे हा बिघाड झाला का? बैठकीच्या खोलीतला बोर्ड बाहेरच्या माणसाने बदलला म्हणून गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर कसा जळतो, हे कंपनीने सांगावं.

तुमची बाजू भक्कम होते ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेतल्याने आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट जवळ असल्याने. त्यात अर्थिंगचं आणि इन्सुलेशनचं रीडिंग हवं. हजार-दोन हजार वाचवायला ओळखीच्या वायरमनकडून काम उरकलं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे हे मी अशिलाला पहिल्याच भेटीत सांगतो.

एका गोष्टीत मात्र मी कोणाचीच बाजू घेत नाही. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून गाडीची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडणारे महाभाग आहेत. मेन स्विच बंद करायला विसरलात तर ती वीज मीटरमधून उलटी रस्त्यावर जाते आणि रोहित्रातून चढून काही हजार व्होल्टची होते. लाइनवर काम करणारा माणूस गेला तर हे प्रकरण ग्राहक आयोगाचं राहत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चं होतं.

गाडीची बॅटरी वॉरंटी, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची, घर चालवल्यामुळे धोक्यात येईल का?

वॉरंटी पुस्तिकेचं अपवादाचं पान वाचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. काही कंपन्या 'स्थिर वीजस्रोत म्हणून केलेला वापर' स्पष्टपणे वगळतात. तसं वाक्य नसेल आणि कंपनीनेच व्हीटूएल ही सोय म्हणून जाहिरातीत मिरवली असेल, तर तीच सोय वापरली म्हणून वॉरंटी नाकारणं टिकणं कठीण. लक्षात ठेवा की गाडी किलोमीटर मोजते, पण घर चालवताना चाक फिरत नाही आणि बॅटरी मात्र झिजते. हा मुद्दा कंपन्या पुढे आणणार. म्हणून अधिकृत अडॅप्टर वापरा आणि सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल मागून फाइलला लावा.

बॅटरीवर '३६ + २४ महिने' लिहिलं होतं. चाळिसाव्या महिन्यात गेली, तर अर्धे पैसे भरा म्हणतात.

पहिले ३६ महिने फुकट बदलून, पुढचे २४ प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर काही टक्के सूट. ही सूट बहुतेक एमआरपीवर मोजतात आणि बाजारात तीच बॅटरी एमआरपीच्या बरीच खाली मिळते, त्यामुळे हातात फारसं काही पडत नाही. हे चिडवणारं आहे, पण कार्डावर छापलेलं असेल तर बेकायदा म्हणता येत नाही. पहिली तक्रार ३६ महिन्यांच्या आत केली होती आणि ते टोलवत राहिले, असं असेल तर तारखा काढा. हक्क पहिल्या तक्रारीच्या दिवसावर ठरतो, त्यांना वेळ मिळाला त्या दिवसावर नाही.

तक्रार कुठे आणि किती खर्चात?

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिला हुकूम काढायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारीला फोनवरच्या तक्रारीपेक्षा बरा मान देतात, आणि प्रकरण तिथेच मिटलेलं मी अनेकदा पाहिलंय. नाही मिटलं तर पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पाठवाच.

मग जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच. त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. नुकसानभरपाई किती मागता याच्याशी याचा संबंध नाही, बिलावरचा आकडा पाहतात. ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. इथे एक खोच आहे: फक्त अडॅप्टर आणि इन्व्हर्टरचा वाद असेल तर बिल दीड-दोन लाखांचं, पण गाडीच सदोष म्हणत असाल तर गाडीची किंमत धरावी लागते.

अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. वकील लागतोच असं नाही. बिलावर 'वाद फक्त दिल्ली न्यायालयाच्या कक्षेत' असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. कलम ३४ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लवादाचं कलमही आयोगाचा दरवाजा बंद करत नाही.

मुदत किती?

कारण घडल्यापासून २ वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण 'ते उद्या येतो म्हणत होते' हे कारण सगळ्यांकडेच असतं. ईमेल लिहीत राहिल्याने मुदत वाढत नाही. कॅलेंडरवर बिघाडाच्या तारखेपासून अठरावा महिना लाल करून ठेवा.

दोष आहे हे सिद्ध कोण करणार? मला त्यातलं काही कळत नाही.

सिद्ध करायची जबाबदारी तुमची, पण साधन कायदा देतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो. फी आधी तुम्ही भरायची, आणि अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो. मी अर्जाच्या पहिल्याच दिवशी दोन मागण्या टाकतो. एक तपासणीची, दुसरी कंपनीकडचा डेटा मागण्याची. इलेक्ट्रिक गाडी आणि लिथियम बॅटरीचा मेंदू, म्हणजे बीएमएस, प्रत्येक बिघाडाची वेळ, तापमान, व्होल्टेज लिहून ठेवतो. सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉप लावून तो वाचतो, मान हलवतो आणि तुम्हाला 'सॉफ्टवेअर अपडेट केलंय' एवढंच सांगतो. तो लॉग हा या प्रकरणांतला खरा साक्षीदार आहे, आणि तो समोरच्याच्या खिशात आहे. अपडेट करण्याआधी त्याची प्रत द्या अशी लेखी मागणी करा. दिली नाही तर ती मागणीच पुढे बोलते.

स्वस्तातला एक पुरावा विसरू नका. १० केव्हीएपर्यंतच्या इन्व्हर्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. स्टिकरवरचा आर-पासून सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाका. तो दुसऱ्याच वस्तूचा किंवा रद्द निघाला तर अर्धी लढाई तिथेच झाली.

पैसे किती मिळतील?

दुरुस्ती, बदली, व्याजासह परतावा, भरपाई, खर्च असं सगळं मागता येतं. व्यवहारात यंत्राची किंमत व्याजासह, त्रासाचे काही हजार आणि खर्चाचे काही हजार, असे हुकूम होतात. वर्तमानपत्रात येणारे लाखांचे आकडे डोक्यात ठेवून येऊ नका.

एक बारकावा मात्र महत्त्वाचा आहे. उत्पादन दायित्वातली 'हानी' म्हणजे शरीराची, जिवाची किंवा इतर मालमत्तेची. खुद्द वस्तूचं नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा त्यात धरत नाहीत. म्हणून बॅकअपच्या उच्च व्होल्टेजने टीव्ही जळला तर तो दायित्वात बसतो. बॅकअप चाललाच नाही म्हणून डीप फ्रीझरमधलं श्रीखंड नासलं, तर ते सदोष वस्तू आणि सदोष सेवा या खात्यात मागायचं. अर्जात दोन्ही पर्याय लिहावेत.

घरात ऑक्सिजन किंवा सीपॅपवरचा रुग्ण असेल तर विक्रेत्याला ते माहीत होतं हे सिद्ध होणं निर्णायक ठरतं. आणि कोर्टाबाहेरचा सल्ला: अशा रुग्णाचं मशीन एकट्या गाडीच्या भरवशावर ठेवू नका, एक भरलेला सिलिंडर घरात असू द्या.

निकाल किती दिवसांत लागतो?

कायदा म्हणतो ३ महिने, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात वर्षं धरा. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यानंतर उत्तर घ्यायचं नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. सेहेचाळिसाव्या दिवशी उभे राहून ही तारीख दाखवा. विरोधात निकाल गेल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. कंपनीला अपील करायचं तर हुकुमाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे लहान रकमेत त्या बहुधा तडजोडीला येतात. हुकूम पाळला नाही तर कलम ७२: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार दंड.

आग लागली होती. आता?

मग क्रम बदलतो. अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांत नोंद, आणि विद्युत निरीक्षकाला कळवणं. विजेमुळे जीवितहानी किंवा इजा झाली असेल तर त्याची सूचना देणं वीज कायद्याच्या कलम १६१ मध्ये आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, गाडीच्याही आणि घराच्याही. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जागा झाडू नका. आई-बायको काळ्या झालेल्या भिंती पुसायला काढतात, ते समजण्यासारखं आहे, पण थांबवा. विमा नाकारला तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालय आहे आणि तिथे फी नाही.

महावितरणच्या व्होल्टेजनेच इन्व्हर्टर जळला तर?

न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्ट शिरल्याचे प्रकार पावसाळ्यात होतात. गल्लीतली आणखी दोन-तीन घरं जळाली का, ते त्याच दिवशी विचारा आणि सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्या. नंतर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. एकट्या घराचं यंत्र जळलं असेल तर मात्र आधी स्वतःच्या घराचं अर्थिंग तपासा.

दवाखान्यासाठी किंवा सोसायटीसाठी घेतलं असेल तर ग्राहक म्हणून जाता येतं?

स्वतः चालवत असलेला छोटा दवाखाना, शिलाई, झेरॉक्स, म्हणजे स्वयंरोजगार असेल तर जाता येतं. मोठ्या व्यवसायासाठी घेतलं तर दिवाणी न्यायालय. सहकारी गृहनिर्माण संस्था ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत 'व्यक्ती' आहे. लिफ्टच्या बॅकअपसाठी ती तक्रार करू शकते. कमिटीचा ठराव आणि सही कोण करणार ते त्यात लिहिलेलं असावं, बाकी सगळं सारखंच.

अडॅप्टर ऑनलाइन मागवला होता, ब्रँड कुठला तेही कळत नाही.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायला हवं. उत्पादक सापडत नसेल तर विकणाऱ्यावर जबाबदारी येते हे वर सांगितलंच. तक्रार फक्त अडॅप्टरची असेल तर गाडीच्या कंपनीला मात्र यात ओढू नका. त्या अडॅप्टरने गाडीचंच नुकसान केलं असेल तर वॉरंटीवाल्यांना तुम्ही आयतं कारण द्याल.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याच्या पिकअपने वादळात घर चालवलंच नाही. त्याला हेच लागू?

नाही, तिथे दुसरी वाट. तिथली फोर्डची इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लायटनिंग ९.६ किलोवॅटपर्यंत घराला देऊ शकते आणि त्यासाठी वेगळी स्विच-पेटी परवान्याने बसवावी लागते. गाडी बिघडली तर राज्याचा लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या गाडीसाठीचा कायदा; लेखी वॉरंटी मोडली तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा. त्यात जिंकल्यास वकिलाची फीही मिळू शकते, म्हणून तिथले वकील आगाऊ पैसे न घेता अशी प्रकरणं घेतात. भिंतीवरची पेटी ही गाडी नव्हे, ती लेमन लॉमध्ये बसेलच असं नाही. तिचा करार बसवणाऱ्या कंपनीशी वेगळा असतो. आणि लवादाचं कलम तिथे आपल्यासारखं हलकं घ्यायचं नाही.

निकाल लागेपर्यंत आम्ही अंधारात बसायचं का?

नको. कलम ३८ मध्येच अंतरिम आदेशाची सोय आहे. रुग्ण घरात असेल तर पर्यायी यंत्र देण्याची मागणी अर्जासोबतच करा. ते होईपर्यंत दुसरा बॅकअप विकत घ्यायला किंवा भाड्याने आणायला हरकत नाही, फक्त त्याआधी समोरच्याला एक ओळ लिहा: 'आपण अमुक तारखेपर्यंत दुरुस्त न केल्यास पर्यायी सोय करून खर्च आपल्याकडून वसूल करू.' बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट. जुनं यंत्र भंगारवाल्याला देऊ नका, 'जुनी बॅटरी द्या, दोन हजार कमी करतो' म्हणणाऱ्या नव्या दुकानदारालाही नाही. वायरी काढून, टोकांना टेप लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. लिथियम बॅटरी फुगलेली असेल तर माळ्यावर नाही, गच्चीत सावलीला, मोकळ्या हवेत, आणि कंपनीला लेखी कळवून ती न्यायला लावा. नेताना जॉबकार्ड.